भोंग्यानंतरची मिनिटं

वाया गेलेला वेळ परत मिळत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा माझ्या चुलतसासऱ्यांना भेटून यावं. मात्र जाताना घरी सांगून जावं, की जेवायला माझी वाट पाहू नका. माझ्या नवऱ्याचे हे सख्खे काका. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो. नागपुरात महाल भागाच्या जरा पलीकडे आमचं दुमजली घर आहे. वर आम्ही आणि खाली काकाजी-काकूजी. एका सरकारी कचेरीत त्यांनी उभा जन्म कारकुनी केली, पण ती नोकरी त्यांनी चप्पल घालावी तशी केली. म्हणजे बाहेर जाताना लागते म्हणून. त्यांचं खरं काम संध्याकाळी सुरू व्हायचं. कॉलेजा-कॉलेजांच्या फुटबॉल सामन्यांत ते रेफरी असत. काळी हाफ पँट, काळा शर्ट, गळ्यात शिट्टी आणि दोन मनगटांवर दोन घड्याळं. डावं घड्याळ चालतं आणि उजवं थांबतं. खेळाडू पडला, बॉल नाल्यात गेला, मैदानात गाय शिरली, की उजवं घड्याळ बंद करायचं. खेळ सुरू झाला की परत चालू. शेवटी दोन्ही घड्याळांत जो फरक पडेल तेवढा वेळ खेळ पुढं चालवायचा. फुटबॉलवाले त्याला इंज्युरी टाइम म्हणतात. बाकीचे रेफरी सामना संपला की एक घड्याळ खिशात टाकतात आणि माणसासारखे घरी जातात. काकाजींनी ते उजवं घड्याळ कधी काढलंच नाही, आणि आमच्या घराण्याचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

मला हे प्रकरण कळलं ते थेट माझ्या लग्नात, बोहल्यावर. मंगलाष्टकं रंगात आली असताना वीज गेली आणि लाऊडस्पीकर बंद पडला. भटजी बिचारे घशाच्या शिरा ताणून म्हणत राहिले, लोकांनी अंदाजानं अक्षता टाकल्या, वीज आली आणि आता हार घालायचे म्हणून मी हात वर केले. तेवढ्यात गर्दीतून एक काळासावळा, किडकिडीत माणूस दोन्ही मनगटं वर करून पुढं आला. "थांबा! मधातलं एक अष्टक कोणाले ऐकू नाही आलं. ते पुन्हा म्हणा." भटजी म्हणाले, "अहो, मुहूर्त टळतो." तर हे म्हणाले, "महाराज, मुहूर्ताले मी सांभाळतो. तुम्ही म्हणा." आणि खरंच भटजींनी ते अष्टक पुन्हा म्हटलं! मी हार धरून ताटकळत उभी. अंतरपाटाच्या पलीकडून माझा होणारा नवरा हळूच म्हणाला, "आमचे काकाजी आहेत. सवय होईल." तेव्हा मला त्या माणसाचा असा राग आला होता की विचारू नका. मी जात्याच घाईची. दूध उतू जायच्या आधी गॅस बंद करणारी बाई मी, आणि देवानं मला हे चुलतसासरे द्यावेत!

पाहुण्यांचे तर हाल कुत्रा खात नव्हता. बैठकीत कुणी बसलं आहे आणि त्याचा फोन वाजला, की काकाजी मुकाट्यानं उजवं घड्याळ थांबवणार. फोन झाला, पाहुणा उठला, चपलेत पाय घातला, की आवाज येणार, "बसा न भाऊ. ते फोनचे गेले, तुमचे थोडीच गेले?" एक विमा विकणारे गृहस्थ चहाला म्हणून आले होते. त्या माणसाला फोन फार. दर फोनला त्याचा मुक्काम वाढत गेला आणि शेवटी सावजी रश्श्याचं जेवण जेवूनच त्याची सुटका झाली. विमा काकाजींनी घेतला नाही तो नाहीच. दुपारच्या झोपेचंही तेच. डोळा लागला आणि गल्लीत भंगारवाला ओरडला, की ते उठून बसत, तो जाईपर्यंत खिडकीतून त्याच्याकडे बघत राहत आणि मग तेवढी झोप मागच्या टोकाला जोडून घेत. टीव्हीवरच्या बातम्या वीज गेल्यामुळे बुडाल्या तर माझ्या नवऱ्याला वरून बोलावून घेत आणि मधल्या वेळात देशात काय झालं ते त्याला सांगायला लावत.

पण या सगळ्यात भोगलं कुणी असेल तर काकूजींनी. दोघांचं भांडण चांगलं पेटलेलं असावं, काकूजींनी माहेरचा विषय काढलेला असावा आणि नेमकी दारावरची घंटी वाजावी. काकूजी पदर सावरून दार उघडणार, कुरिअरवाल्याशी किंवा शेजारणीशी गोड बोलणार, दार लावणार. परत आल्या की काकाजी खुर्चीत ताठ बसून म्हणणार, "हं. तू माझ्या बहिणीबद्दल काहीतरी म्हणून राहिली होती. तुझं बोलणं मधात तुटलं. बोल, पुरं कर." आता गेलेला राग असा हुकमावर परत येतो का? काकूजी हसू दाबायला स्वयंपाकघरात पळत आणि मला ओरडून सांगत, "ऐक वं बाई, या माणसासोबत धड भांडताही येत नाही मले!" त्यांच्या संसाराला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्यातलं एकही भांडण अर्धवट राहिलेलं नाही आणि एकही पूर्ण झालेलं नाही.

हे खूळ आलं कुठून, असं मी एकदा त्यांना स्पष्टच विचारलं. काकाजींचं मूळ घर उमरेडचं. वडील हातमागावर लुगडी विणायचे. काकाजी म्हणाले, "सूनबाई, मागावर धागा तुटते. रोज तुटते. बाबा काय करत? माग थांबवत, धागा जोडत आणि मग पुढं विणत. आता धागा लय वेळा तुटला म्हणून बाबानं लुगडं आखूड विणलं असतं, तर कोणती बाई नेसली असती ते? नऊ वार म्हणजे नऊ वार." मी म्हटलं, "काकाजी, पण लुगडं वेगळं आणि विमावाला वेगळा." तर म्हणाले, "हाव, वेगळा आहे. आखूड लुगडं परत येते, तो विमावाला पुन्हा आला नाही." आणि आपल्याच विनोदावर इतके हसले, की खोकला लागला. खोकल्यात गेलेला वेळ अर्थातच नंतर हसून भरून काढला.

हसण्यावारी मी नेते आहे खरी, पण या माणसानं मला काय दिलं ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. लग्न झालं तेव्हा माझं बी.एड. निम्म्यावर होतं. पहिल्याच वर्षी सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला, रामदासपेठेतल्या दवाखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या आणि माझ्या पुस्तकांवर धूळ बसली. मला कुणी सक्ती केली नव्हती. सासूबाई चांगल्या होत्या, मी मनापासून केलं. त्या गेल्या तेव्हा माझी मुलगी चिनू शाळेत जायला लागली होती. एक दिवस मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तर काकाजी येऊन उभे राहिले. "सूनबाई, तुझ्या कॉलेजचं काय?" मी म्हटलं, "कॉलेज? ते तर कधीचंच संपलं, काकाजी." ते म्हणाले, "संपलं काहून? शिट्टी कोणी वाजवली?" मी बादलीतली चादर पिळायला घेतली. "तुझा खेळ थांबला होता वं. वहिनी पडली होती न, म्हणून थांबला होता. आता चालू होईन." मी हातातली ओली चादर तशीच तोंडावर धरली आणि रडले. दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी कॉलेजच्या खिडकीशी रांगेत उभे होते. मी पुढची दोन वर्षं शिकले तेव्हा चिनूला शाळेतून आणणं, तिला खाऊ घालणं आणि अंगणात दोन विटा मांडून तिला गोलकीपर करणं हे सगळं काकाजींनी केलं. आज मी एका शाळेत मराठी शिकवते. वर्गात शिरताना कधी कधी त्यांची आठवण येते, हे मी त्यांना कितीतरी वर्षं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर म्हणाले असते, बोल, पुरं कर.

आता मूळ गोष्टीकडे येते. काकाजींचे सामने लांबतात ही तक्रार काही नवी नव्हती. एकदा तर मैदानाला लागून वरात निघाली आणि बँडवाल्याच्या तालावर दोन्ही टीमचे पोट्टे खेळ सोडून नाचायला लागले. काकाजींनी वरात जाईपर्यंत उजवं घड्याळ बंद ठेवलं. नंतर तेवढा खेळ चालवायचा म्हणता म्हणता अंधार पडला, बॉल दिसेना, तेव्हा लोकांनी मोटारसायकली आणून त्यांचे दिवे मैदानावर पाडले. विजयी गोल नक्की कुणी मारला यावर अजूनही मतभेद आहेत. तेव्हा आंतरमहाविद्यालयीन समितीच्या सचिवांनी जे केलं त्यात त्यांची चूक होती असं मी म्हणणार नाही. माणूस सज्जन होता. कॉलेजं वाढली, मैदान एकच, परीक्षा डोक्यावर आणि दुपारच्या उन्हात दोन पोरं चक्कर येऊन पडलेली. त्यांनी नवे नियम आणले. दोन्ही हाफ छोटे. घड्याळ टेबलावर असणार आणि ते एकदा सुरू झालं की कशासाठीही थांबणार नाही. वेळ झाली की टेबलावरून भोंगा वाजणार आणि भोंगा म्हणजे शेवट. इंज्युरी टाइम बंद. बरोबरी झाली तर लगेच पेनल्टी. आणि भोंग्यानंतर जो रेफरी खेळ चालू ठेवेल त्याला पुन्हा मैदानात उतरवणार नाही.

शेवटचा नियम कुणासाठी होता हे सभेतल्या पंख्यालाही कळलं असेल. काकाजी त्या सभेला गेले होते. त्यांना बोलायला थोडा वेळ दिला होता आणि नेमके मधेच सचिवांना दोन फोन आले, चहा आला आणि पंखा बंद पडला. त्यामुळे सामने छोटे करण्यासाठी बोलावलेली ती सभा समितीच्या इतिहासात सर्वांत लांब झाली, असं म्हणतात. काकाजींनी उमरेडच्या मागापासून सगळं सांगितलं. लोकांनी ऐकलं, टाळ्यासुद्धा वाजवल्या आणि मग नवे नियम एकमतानं मंजूर केले. एकमतानं म्हणजे काकाजींनीही हात वर केला. घरी आल्यावर काकूजींनी विचारलं, "तुम्ही काहून हात वर केला?" ते म्हणाले, "सगळ्यायचा झाला होता न. आता तो नियम झाला. रेफरीनं आपल्या मनचा नियम काढला, तर तो रेफरी कायचा? गल्लीतला दादा झाला तो." त्या रात्री ते जेवले कमी. वीज गेली नव्हती, फोन आला नव्हता, तरी त्यांनी पानावर बसून बराच वेळ वाया घालवला आणि तो भरून काढला नाही. काकूजी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "बाई, शिट्टी गेली तर हा माणूस जगणार नाही. तू पाहा जरा याच्याकडं."

म्हणून संक्रांतीच्या सुमारास मुलींचा उपांत्य सामना होता तेव्हा मी शाळेतून अर्धी रजा घेऊन मैदानावर गेले. तसंही चिनू तिच्या कॉलेजची गोलकीपर होती. समोरची टीम पारशिवनीकडच्या एका कॉलेजची. पहाटे उठून, एक टेम्पोवजा गाडी करून त्या मुली आल्या होत्या. सामन्याला दुसरेच रेफरी यायचे होते, ते तापानं आडवे झाले. सचिवांनी काकाजींना विचारलं. काकाजी म्हणाले, "गोलमधी माझी नात हाय. त्या पोरींले चालते का, पहिले विचारा." पारशिवनीच्या मॅडम हसून म्हणाल्या, "चालते सर. तुमचं नाव ऐकलं आहे आम्ही." त्यांना चिनूच्या अंगणातल्या हालअपेष्टा माहीत नव्हत्या. तिथं काकाजी तिच्याविरुद्ध इतक्या पेनल्ट्या देत, की बिचारीनं एकदा आजोबांविरुद्ध माझ्याकडे लेखी तक्रार केली होती.

चिनूच्या टीमनं पहिल्या हाफमध्ये एक गोल केला. दुसऱ्या हाफमध्ये पारशिवनीच्या मुली असल्या पेटल्या, की काय सांगू. त्यांची वर्षा नावाची एक फॉरवर्ड होती. बारीकशी, लांब वेणी, आणि पायात वारं. दोनदा तिनं बॉल पोस्टवर मारला. तिसऱ्या वेळी ती एकटी बॉल घेऊन निघाली आणि मधेच तोंडावर आपटली. कुणी पाडलं नव्हतं. संक्रांतीचे दिवस, आकाशात पतंगच पतंग. कुठला तरी कटलेला मांजा मैदानावर लोळत होता, तो तिच्या दोन्ही पायांना गुंडाळला गेला. नायलॉनचा तो मांजा, जितकी ती झटकायला गेली तितका आवळत गेला आणि मोज्यावर रक्ताची रेघ उमटली. काकाजींनी शिट्टी मारली आणि धावत जाऊन मातीत मांडी घातली. "हलू नको बेटा. ओढू नको." तिचे पाय आपल्या मांडीवर घेऊन, प्रथमोपचाराच्या पेटीतली कात्री लावून एकेक वेढा ते सोडवत होते. सवयीनं उजवं घड्याळ त्यांनी थांबवलं होतं. टेबलावरचं मात्र धावत होतं. प्रेक्षक ओरडायला लागले, "घड्याळ थांबवा!" पण थांबवणार कोण? नियमच तसा होता. मलमपट्टी होऊन ती उभी राहिली तेव्हा सगळे टेबलाकडे बघायला लागले होते.

खेळ परत सुरू झाला. त्या पोरीनं लंगडत लंगडत बॉल मिळवला, एकीला चकवलं, दुसरीला चकवलं आणि आता समोर फक्त माझी चिनू. आणि भोंगा वाजला.

मी देवाशपथ सांगते, त्या क्षणी अख्खं मैदान काकाजींकडे बघत होतं. सचिव टेबलामागून उठून उभे राहिले होते. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, की हा माणूस आता खेळ चालू ठेवणार आणि त्याची शिट्टी कायमची जाणार. मला काकूजींचं वाक्य आठवलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, वाजवा काकाजी, वाजवा हो. काकाजींनी एकदा उजव्या मनगटाकडे पाहिलं आणि शिट्टी वाजवली. लांब, तीनदा. सामना संपला. चिनूची टीम जिंकली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वर्षा बॉलवर पाय ठेवून तिथंच उभी. ती रडली नाही, तक्रारही केली नाही. फक्त म्हणाली, "सर, आणि माझा टाइम?"

काकाजींनी तिच्या पायाच्या पट्टीकडे पाहिलं. मग टेबलाशी गेले आणि सचिवांना म्हणाले, "निकाल लिवला?" ते म्हणाले, "हो, लिहिला." "सही घ्या माझी. झालं? आता तो निकाल कोणाच्या बापाच्यानं बदलत नाही." "नाही बदलत." "मैदान खाली करायचं न?" "हो काकाजी, पुढची टीम थांबली आहे." "बरं. मैदानाच्या बाहेर तुमचा कोणता नियम लागते?" सचिव म्हणाले, "बाहेर कशाला नियम लागेल?" काकाजी वळले आणि मुलींना म्हणाले, "पोरींनो, निकाल लागला, तो लागला. पण खेळ बाकी राहिला हाय. जिले खेळायचं तिनं कँटीनच्या मागं चला. जिले घरी जायचं तिनं खुशाल जा."

खरं सांगते, मला वाटलं कुणी जाणार नाही. जिंकलेल्या मुलींनी गार शरबताचे ग्लास हातात घेतले होते. पण चिनूनं काढलेले हातमोजे परत चढवले आणि ती चालायला लागली. आईला आपल्या पोरीचा अभिमान वाटायचे प्रसंग तसे पुष्कळ येतात. मला मात्र आजही आधी तो आठवतो. तिच्यामागून एक एक करत सगळ्या निघाल्या. कँटीनच्या मागे स्कूटरी लावलेल्या होत्या, त्या आम्ही बायकांनी ढकलून बाजूला केल्या. दोन हेल्मेटं ठेवून एक गोल झाला, दोन पाण्याच्या कॅनचा दुसरा. काकाजींनी प्रत्येकीला हाताला धरून उभं केलं. "तू इथं होती. तू हिच्या मागं. तू शरबत पिऊन राहिली होती, ते जाऊ दे, तू तिथं होती. वर्षा, बॉल तुझ्या पायात." आणि शिट्टी.

पहिला फटका चिनूनं अडवला. दुसरा कँटीनच्या भिंतीवर लागून परत आला. तेवढ्यात पारशिवनीच्या गाडीचा ड्रायव्हर उशीर होतो म्हणून हॉर्न मारायला लागला. काकाजींनी उजवं घड्याळ थांबवलं, त्याच्याकडे पाहिलं आणि बोट उंचावून म्हणाले, "हॉर्नचाही टाइम धरला!" मुली खो खो हसल्या, मीही हसले, ड्रायव्हर वैतागून गाडीतून उतरला आणि शेवटी बघतच राहिला. मग वर्षानं त्या दुखऱ्या पायानं एक असा फटका मारला, की बॉल हेल्मेटाला घासून आत गेला. चिनू आपल्या आजोबांवर ओरडली, "आबाजी, ऑफसाइड!" "नाही!" काकाजी गरजले आणि जागतिक सामना असावा अशा गंभीरपणे त्यांनी मध्याकडे हात केला. गोल. तो गोल कुठल्याही कागदावर नाही. पण पारशिवनीच्या मुलींनी वर्षाला जी उचलली, ती गाडीपर्यंत खाली ठेवलीच नाही. मागं वळून बघते तर सचिव भिंतीला टेकून उभे होते. डोळे पुसत होते.

घरी येताना काकाजी माझ्या स्कूटरवर मागं बसले होते. एरवी सिग्नलला थांबलेला वेळसुद्धा ते मला मोजून सांगतात. त्या दिवशी एकही सिग्नल मोजला नाही. घराजवळ आल्यावर म्हणाले, "सूनबाई, मी आज त्या पोट्टीचा खेळ कापला वं." मी म्हटलं, "काहून असं बोलता? पुरा करून दिला न तुम्ही." "तो तिच्या मनासाठी होता. खरा तर मी कापलाच. माझ्याच तोंडात शिट्टी होती." मी गाडी बाजूला घेतली आणि जे इतकी वर्षं बोलले नव्हते ते भर रस्त्यावर बोलले. म्हटलं, "काकाजी, तुम्ही नसते तर मी आज शाळेत नसते. तुम्ही माझा खेळ कापू दिला नाही. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण मी रोज तुमची आठवण काढते." मागून नाक ओढल्याचा आवाज आला. मग, "चाल आता. काकूजी वाट पाहून राहिली असन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन सचिवांना सांगितलं, की हे काम आता माझ्याच्यानं होणार नाही. सचिवांनी खूप आग्रह केला. काकाजी त्यांच्याकडे चहा प्याले, राग धरला नाही, पण ऐकलं नाही. आम्हाला वाटलं, आता हा माणूस खचणार. काकूजींनी तर देवाला काय काय कबूल केलं. आणि त्याच आठवड्यात खालच्या फोनवर वर्षाचा आवाज आला. "सर, आमच्या गावाकडं या न. आमच्या मैदानावर भोंगा नाही. टेबलच नाही तर भोंगा कुठून येईन?"

तेव्हापासून दर रविवारी काकाजी एसटीनं पारशिवनीला जातात. काकूजी कुरकुर करत डबा बांधतात आणि डब्यात संत्र्याची बर्फी त्या मुलींसाठी वेगळी ठेवतात. कधी मी त्यांना पोचवायला जाते. मैदान म्हणजे तुरीच्या शेताला लागून एक पडीक तुकडा, तो मुलींनीच साफ केलेला. तिथं पुरे दोन मोठे हाफ खेळतात आणि म्हशी गेल्या, ट्रॅक्टर गेला, कुणाची आई हाक मारून गेली, की तेवढा वेळ पुढं धरतात. काकाजींच्या गुडघ्यांनी आता साथ सोडली आहे. धावणं होत नाही, ते मध्यावर उभे राहतात. खेळ त्यांच्यापासून लांब गेला की त्यांना नीट दिसतही नाही. मग मुलीच येऊन सांगतात, "सर, फाउल माझाच होता," आणि ते शिट्टी देतात.

गेल्या रविवारी मी तिथं बांधावर बसले होते. ऊन उतरलं होतं, गारवा यायला लागला होता. मला घरी जाऊन कणीक मळायची होती, सोमवारचे पेपर तपासायचे होते आणि नेहमीसारखी माझी चुळबुळ चालली होती. काकाजींनी दोन्ही मनगटं डोळ्यांजवळ नेली. हल्ली फार जवळ न्यावी लागतात. मग शिट्टी ओठांशी धरली. इतक्या वर्षांत शिट्टीच्या वेळी मी त्या माणसाला "आवरा हो काकाजी" याखेरीज दुसरं काही म्हटलेलं नाही. पण ती डोळ्यांशी नेलेली दोन घड्याळं पाहिली आणि मला वाटलं, धावत जावं आणि सांगावं, एवढ्यात नका वाजवू.